पार्ट टूमधलं भूत

आमचे दोन्ही पिक्चर मिळून दीड तासाचेसुद्धा नाहीत. पण त्यांचे किस्से सांगायला बसलो की सकाळचा चहा दुपारच्या जेवणाला जाऊन भेटतो. असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पलंगाखाली सामान साठतं तसे ते साठत जातात. आधी दादा सांगायचा आणि मी शेजारी बसून नुसतं “मग?” म्हणायचो. आता सांगणारा पण मी आणि “मग?” म्हणणारा पण मीच!

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. झाँसीच्या सीपरी बाज़ारात आमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. मी आठवीत शाळा सोडली आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसलो. तो दिवसभर लोकांचे फोन उघडायचा आणि डोक्यात भुताचा पिक्चर बनवायचा. कॅमेऱ्याला इमरानभाई, लग्नाचे व्हिडिओ काढणारे. हीरो रज्जू, समोरचा ज्यूसवाला. भूत दादा स्वतः.

पहिल्याच पिक्चरचं नाव त्यानं ‘पार्ट वन’ ठेवलं. मी म्हणालो, “अरे, अजून एक पण झाला नाही!”

तर म्हणे, “लोकांना आधीच कळू दे, मी थांबणार नाही!”

*

पार्ट वन सगळा भर दुपारी शूट झाला. कारण आईचा हुकूम, दिवे लागायच्या आत दोघंही घरात. मग इमरानभाई कडक उन्हात शूट करायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर सगळं निळं करायचे. झाली रात्र!

भुताचा मेकअप म्हणजे तांदळाचं पीठ आणि दही. झाँसीच्या मे महिन्यात ते दहा मिनिटांत वाळायचं आणि दादाच्या गालावरून पापडासारखं सुटून पडायचं.

एकदा छावणीतल्या एका रस्त्यावर दादा पांढरी चादर पांघरून, तोंडाला पीठ फासून उभा होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात सायकलवरून एक जवान आला. घाबरणं तर सोडाच, त्यानं शांतपणे सायकल स्टँडला लावली आणि विचारलं, “पहचान पत्र?”

दादानं चादरीतून हात काढून आधार कार्ड दिलं. जवानानं कार्ड पाहिलं, दादाला पाहिलं, परत कार्ड पाहिलं.

“फोटो मेल नहीं खा रही. जाओ, मुँह धो के आओ.”

*

झाँसीत मराठी घरं थोडी. गणपतीत सगळी एका हॉलमध्ये जमतात. गाणी होतात, नाटुकली होतात. त्या वर्षी आमचा पार्ट वन झाला.

शेवटी भूत विहिरीतून वर येतं आणि दोन्ही हात पसरून म्हणतं, “मैं सौ साल से प्यासा हूँ!”

मागून एक आजोबा ओरडले, “अरे, कुणी पाणी द्या रे त्याला!”

हॉल असा हसला की पुढचा पिक्चर कुणी ऐकलाच नाही. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बाजारात पोचली. दादा दिसला की जो तो विचारी, “काए भूत भैया, पानी पियोगे?” दादा पण त्यांच्याबरोबर हसायचा. एकानं खरंच ग्लास पुढं केला, तर पिऊन टाकला.

पण संध्याकाळी शटर ओढताना मला म्हणाला, “छोट्या, या वेळी हसले ते ठीक आहे. पार्ट टूला कुणी हसलं, तर मी पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहणार नाही.”

मी म्हणालो, “हसलं तर मी दात पाडीन.”

“तू नको पाडू. तू आहेस म्हणून तर लोक मला वेडा समजतात!”

*

बाजारात मराठी कुणाला कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर आम्ही दोघं वाटेल ते बोलायचो, आणि चेहरा अगदी सरळ ठेवायचो.

एक दिवस पोपटी शर्ट घातलेले एक साहेब आले. दादा त्यांचा फोन उघडता उघडता मला म्हणाला, “शर्ट बघ. पोपट उडून गेला, रंग राहिला.”

मी म्हणालो, “पिंजरा पण बघ ना. पोटावर आहे.”

साहेबांनी फोन घेतला, चालू करून पाहिला, खिशात ठेवला. जाता जाता म्हणाले, “शर्ट बायकोनं घेतलाय. पोट माझं स्वतःचं.”

साताऱ्याचे हवालदार निघाले, फौजेतले, बदलीवर इथं आलेले! दादा काउंटरवरून उडी मारून बाहेर आला आणि भर बाजारात त्यांच्या पाया पडला. आठ दिवसांत त्यांची मुलगी पल्लवी आमच्या पार्ट टूची हिरॉईन झाली. अट एकच होती, प्रत्येक शूटिंगला हवालदार साहेब डबा घेऊन समोर बसणार. बसले पण. शर्ट तोच!

*

पार्ट टूला दादानं पद्धत बदलली. मेकअप टिकत नाही ना, मग आधी घाबरणाऱ्यांचे सगळे शॉट उरकायचे. भुताचे सगळ्यात शेवटी, एका दिवसात, बर्फ जवळ ठेवून.

त्यामुळे दादा कॅमेऱ्यामागं उभा राहून ओरडायचा, “इधर देखो रज्जू, मैं यहाँ खड़ा हूँ! अब मैं पास आ रहा हूँ... डरो!” आणि रज्जू, पल्लवी रिकाम्या दाराकडं, रिकाम्या जिन्याकडं बघून घाबरायचे.

पल्लवीनं एकदा विचारलं, “पण दादा, तुम्ही नेमके दिसणार कसे?”

“ते मलाही माहीत नाही अजून. तू आधी घाबर, मग तुझं तोंड बघून ठरवतो!”

सोमवारी त्याचे शॉट होते. शनिवारी बबीना रोडवर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली.

*

तेरावा झाला. रज्जू ज्यूसच्या गाडीवरून दुकानात आला आणि हळूच म्हणाला, “छोटे, मेरा एक चचेरा भाई है. हाइट सेम. चादर ओढ़ ली तो किसी को पता नहीं चलेगा. पिक्चर पूरी हो जाएगी.”

मी उठलो. रस्ता ओलांडला आणि त्याच्या गाडीवरची मोसंबीची टोपली लाथेनं उडवली. मोसंबी सगळ्या बाजारात. ऑटो थांबले, स्कूटर थांबल्या. रज्जू खाली बसून एकेक उचलायला लागला. थोड्या वेळानं मी पण बसलो. एका ऑटोखालून मोसंबी काढताना तो म्हणाला, “मारना था तो मुझे मारता यार. मौसंबी ने क्या किया?”

मग मीच चादर पांघरायचं ठरलं. पीठ फासलं, जिन्यावर उभा राहिलो. इमरानभाई कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, “छोटे, हिल मत.”

“नहीं हिल रहा, भैया.”

“अरे हिल मत, यार!”

मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. हलत होते ते त्यांचे हात.

*

दुकान मी उघडतो. दादाचं स्टूल आहे तिथंच आहे. परवा एका बाईंनी फोन आणला, कुकरमध्ये पडलेला. आत वरण, वर मोहरी. मी स्टुलाकडं वळून म्हणालो, “फोडणी चांगली बसलीय.”

बाई म्हणाल्या, “कुछ कहा, भैया?”

“नहीं जी.”

घरी आई फार बोलत नाही. बाजारात मराठी कळणारं कुणी नाही. म्हणजे आता वाटेल ते बोलायला मोकळा आहे मी!

*

शेवटी इमरानभाईंनी जे होतं तेच जोडलं. भुताचा एकही शॉट नाही. एक दार आहे, एक जिना आहे, आणि त्याकडं बघून घाबरणारी दोन माणसं. आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. पाच मिनिटांत रज्जू म्हणाला, “मुझे डर लग रहा है. और मैं ही हूँ इसमें!”

पण प्रत्येक शॉटमध्ये दादाचा आवाज होता. “मैं यहाँ खड़ा हूँ. इधर देखो.” तो ठेवला, तर पुन्हा हॉल हसणार. काढला, तर पिक्चरमध्ये दादा काहीच उरत नाही.

मी ओरडलो, “आवाज़ नहीं कटेगी! हँसने दो जिसको हँसना है!”

इमरानभाई खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “मैं नहीं काटूँगा. तेरा भाई है. तू बैठ.” आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

सगळी दुपार मी त्या खुर्चीत होतो. आधी तो आवाज मी माझ्या फोनमध्ये घेतला. मग एकेक तुकडा काढला. एकूण एकेचाळीस वेळा दादानं सांगितलं होतं की तो कुठं उभा आहे. आवाज गेला, आणि पिक्चर चांगला झाला. याचा राग कुणावर काढायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

*

यंदाच्या गणपतीत पार्ट टू दाखवला. तोच हॉल. आई आली नाही, म्हणाली, “तू बघून ये.” मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, पिक्चरकडं नाही, लोकांच्या डोक्यांकडं बघत. एकही डोकं हललं नाही. जिन्याच्या सीनला एक लहान मुलगी रडायला लागली, तर तिच्या बापानं पडद्यावरची नजर न काढताच तिला उचललं. हवालदार साहेबांनी तर पिक्चरमध्ये स्वतःची मुलगी आहे हे विसरून “पळ, पळ!” म्हटलं. कुणीही हसलं नाही.

सगळे बाहेर पडत होते. गुरसरायहून आलेल्या एक म्हाताऱ्या काकू चपलांपाशी माझ्यासमोर थांबल्या. त्या आम्हाला ओळखत नव्हत्या, पहिल्यांदाच आल्या होत्या. माझा हात धरून त्यांनी चप्पल घातली आणि विचारलं, “पिक्चर तू केलास का रे?”

“आम्ही सगळ्यांनी, काकू.”

“मुलगी बरी आहे. तो हीरो जरा जास्तच ओरडतो. पण भुताचं काम केलंय ना, तो मुलगा फार गुणी! बाकीचे चोरून कॅमेऱ्याकडं बघतात. त्यानं एकदाही बघितलं नाही. कोण तो?”

मी म्हणालो, “माझा दादा.”

“सांग हं त्याला,” काकू म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.