टोपी राहू दे

ऑफिसात त्याला सगळे टोपीवाला म्हणायचे. डोक्यावर टोपी तर सोडाच, केसही धड नव्हते. नाव पडलं ते कामावरून.

वेबसाइट कोणी मुळापासून बांधत नाही. बटण एकाचं, कॅलेंडर दुसऱ्याचं. कुठं कुठं बसलेल्या माणसांनी जावास्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेले तयार भाग आणायचे आणि जोडायचे. त्यांना लायब्ररी म्हणतात. कोणती लायब्ररी कितव्या आवृत्तीची, हे एका फाइलीत लिहिलेलं असतं. आकड्याच्या आधी छपरासारखी एक बारीक खूण असते. ऑफिसात तिला टोपी म्हणत. टोपी असली की नवी आवृत्ती आपोआप आत येते. टोपी काढली की जे आहे तेच राहतं.

तो कुठलंही काम हातात आलं की आधी टोप्या काढायचा.

"न सांगता येणारा पाहुणा नको आपल्याला," म्हणायचा. "आला की आधी स्वयंपाकघरात घुसतो."

पोरं हसायची. "काका, आज कुणाकुणाला बोडकं केलंत?"

तोही हसायचा. पण टोपी काढायचाच. त्याचं कारण त्याची ताई होती.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. लहानपणीच्या तापात तिची दृष्टी गेली. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. त्याच्या शर्टाचं कुठलं बटण सैल झालंय, ते तिची बोटं त्याच्या आधी ओळखायची. लोक मात्र तिच्यादेखत त्याला विचारायचे, "ताई चहा घेतात का?" ती म्हणायची, "घेतात. आणि ऐकतातही."

पन्नाशीला टेकल्यावर तिला नोकरी लागली. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या आणि कॉम्प्युटरवर नोंदवायच्या. ती साइट त्याच्याच कंपनीनं केलेली, त्यानंच लिहिलेली. ताई टॅबची कळ दाबत पुढं जायची आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या कानात बोलायचं. नाव. पत्ता. तक्रार नोंदवा, बटण. त्या आवाजाला ती पोपट म्हणायची.

नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. भावाचं नाव कुठंही निघता कामा नये, ही तिची ताकीद होती. "तुझ्या वशिल्यानं लागले असं कुणी म्हणालं, तर तंगडं मोडीन."

संध्याकाळी ती घरी येऊन खुर्चीत अंग टाकायची आणि म्हणायची, "कंटाळा आला बाई त्या ऑफिसचा." हे वाक्य ती इतक्या चवीनं म्हणायची की तो चहा हातात घेऊन ऐकत राहायचा. जन्मभर तिला घराचा कंटाळा आलेला होता. तो तिनं कधी बोलून दाखवला नव्हता.

मग त्याच्या कंपनीत नवे साहेब आले. तरुण, उत्साही, वाईट नव्हेत. जुन्या सगळ्या साइट नव्या लायब्ररीत ओतायच्या, असं त्यांनी ठरवलं. ती लायब्ररी दिसायला देखणी होती. जवळजवळ दर पंधरवड्याला तिची नवी आवृत्ती निघायची.

त्यानं सवयीनं टोपी काढली. साहेबांच्या ते लक्षात आलं.

"टोपी राहू दे, काका. नवं येईल ते येऊ दे आपोआप. आपणच मागं राहिलो तर कसं?"

त्याच्या वयाच्या दोघांना नुकताच नारळ मिळाला होता. त्यांच्या रिकाम्या टेबलांवर आता कुंड्या होत्या. त्यानं कुंड्यांकडं पाहिलं आणि टोपी परत घातली.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी ताईचा फोन आला. ती कामावरून कधी फोन करत नसे.

"अरे, पोपट मुका झाला."

"म्हणजे?"

"नाव सांगतो, पत्ता सांगतो. नोंदवायच्या बटणापाशी गप्प. सकाळपासून शेजारणीकडून दाबून घेतेय."

त्यानं साइट उघडली. बटण जागेवर होतं, निळं, गोल कोपऱ्यांचं. मग त्यानं आतला कोड पाहिला. नव्या आवृत्तीत ते बटण राहिलंच नव्हतं. नुसता एक रिकामा चौकोन, बटणासारखा रंगवलेला. डोळ्याला बटण, कानाला काहीच नाही.

तो साहेबांकडं गेला आणि पडदा ऐकून काम करणाऱ्याला बटण सापडत नाही, हे त्यानं सांगितलं.

"अशी किती माणसं वापरतात?" साहेबांनी विचारलं.

"एक."

"एका माणसासाठी आवृत्ती मागं न्यायची?"

ती एक माझी बहीण आहे, हे त्याच्या जिभेवर आलं. ताकीद आठवली. त्यानं गिळलं.

"बघू पुढच्या महिन्यात," साहेब म्हणाले.

त्यानं गुपचूप जुनी आवृत्ती बसवून पाहिली. बाकीच्या भागांनी तिला उभं केलं नाही. एक वीट मागं न्यावी, तर भिंतच खाली येत होती. लायब्ररी करणाऱ्याला त्यानं लिहिलं. उत्तर आलं, आभार, आमच्या दृष्टीनं हा दोष नाही. आणि तक्रार बंद.

त्या संध्याकाळी ताई खुर्चीत बसली नाही.

"उद्या सुपरवायझर बाई शेजारी बसणारेत," ती म्हणाली. "मला हे काम जमतं का ते बघायला."

"तुला जमतं."

"मला माहितीये. त्यांना बघायचंय."

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेली होती. तिनं ती पुन्हा घासली.

तेव्हा त्यानं ते केलं. बाहेरून आणलेले भाग ज्या फोल्डरात उतरतात, त्या फोल्डराला कधी हात लावायचा नसतो. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात. ते फोल्डर आपलं नसतंच. पुन्हा भाग मागवले की ते पुसून नवं येतं. त्यानं स्वतः कितीजणांना हे बजावलं होतं. पण सरळ मार्गाला साहेबांची परवानगी लागली असती. घरूनच ऑफिसच्या मशीनवर शिरून त्यानं त्या फोल्डरातल्या चौकोनाला पुन्हा बटण केलं आणि साइट इंटरनेटवर चढवली. बाईंची तपासणी पार पडू दे, मग नीट करू, असं मनाशी म्हणाला.

ताईनं घरच्या कॉम्प्युटरवर टॅब दाबून पाहिलं. "तक्रार नोंदवा, बटण."

"बोलला रे!" ती टाळी वाजवून हसली. "मेला, दिवसभर रुसून बसला होता."

ती शांत झोपली.

सकाळी तो ऑफिसात पोचला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा पोरगा खुशीत होता. "काका, सगळं ताजं मागवून साइट चढवली. आजच नवी आवृत्ती आली. टोपी होती, काही करावंच लागलं नाही."

त्यानं ताईला फोन लावला. तिचा फोन बंद होता. कामावर असताना ती बंदच ठेवायची. तपासणी एव्हाना सुरू झाली होती.

पुढचं त्याला ताईकडूनच कळलं, तिला आणायला गेला तेव्हा. बाई शेजारी बसल्या. पहिलाच फोन एका म्हातारीचा, घरात दोन दिवस पाणी नव्हतं. ताईनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढं पोपट गप्प. ताई घाबरली नाही. जागा तिला पाठ होती. तिनं टॅब मोजून कळ दाबली. नव्या आवृत्तीत जागाही बदलल्या होत्या. कळ पुसायच्या बटणावर पडली आणि तक्रार पुसली गेली.

"म्हातारी म्हणत होती, लिहिलंत ना हो?" ताई म्हणाली. "मी म्हटलं, लिहिलं आजी. बाईंनी माझा हात धरून बाजूला केला. रागानं नाही रे. फार हळू. उद्यापासून नका येऊ म्हणाल्या. तुम्हाला त्रास होतो, म्हणाल्या."

मांडीवरच्या हेडफोनची वायर ती बोटाला गुंडाळत होती.

"काल तर बोलत होता. माझाच पोपट झाला बघ."

तो हसला नाही. त्यानं सगळं सांगितलं. कुंड्या, टोपी, फोल्डर. ती ऐकत राहिली. तिची बोटं थांबली.

"साहेबांना सांगायचंस ना, बहीण आहे म्हणून."

"तूच नको म्हणाली होतीस."

"हो," ती म्हणाली. "मीच."

मग तिनं हात पुढं केला आणि सवयीनं त्याच्या शर्टाची बटणं चाचपली. वरपासून खालपर्यंत, एकेक.

"आहेत सगळी," ती म्हणाली. "चल. त्या म्हातारीचा पत्ता मला पाठ आहे. आधी तिच्याकडे जाऊ. तिला वाटतंय, मी लिहून घेतलं."