परातीतलं इंजिन

बाबांनी अंगणात मोटारसायकलचं इंजिन खोललं तेव्हा घरात ते कोणालाच पटलं नव्हतं. काही महिन्यांपासून त्यांना विसर पडत होता. एकदा तर स्वतःच्याच शेताची वाट चुकले. गाडी धूर सोडते, भंगारात देऊन टाकू, असं भावाने परस्पर ठरवलं. बाबा म्हणाले, मी जोडतो, सुरू झाली तर राहील, नाही तर न्या. परीक्षा बाबांच्या डोक्याची होती, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

खोलताना त्यांनी एकेक भाग क्रमाने पोत्यावर मांडला होता, कारण आठवणीवर भरवसा उरला नव्हता. पिस्टनच्या नव्या रिंगा आणायला मी त्यांना घेऊन दारव्ह्याला गेले. परत येऊन पाहते तर आईने सगळं गोळा करून, साबणाने घासून, परातीत घालून सोयाबीनशेजारी उन्हात ठेवलेलं. एवढं काळंकुट्ट अंगणात बघवेना म्हणे. मी आईवर अशी भडकले की शेजारीण डोकावून गेली.

बाबा परातीपुढे मांडी घालून बसले. दोन झडपा उचलल्या: मोठी हवा आत घेणारी, लहान धूर बाहेर सोडणारी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. इंजिनाच्या आतली चेन चढवताना वरच्या चक्राची खूण जुळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. इथे चुकलं तर झडप उघडी असतानाच पिस्टन वर येऊन तिला धडकतो, असं नंतर म्हणाले. मग प्लगच्या भोकावर मला अंगठा ठेवायला लावून त्यांनी किक हळूहळू दाबली. अंगठा आधी आत ओढला गेला, मग बाहेर ढकलला गेला. अजून पेट्रोल नाही, ठिणगी नाही, तरी ते श्वास घेत होतं. पिस्टन चेन फिरवतो, चेन झडपांना वेळ सांगते, झडपा पिस्टनला वाट मोकळी करून देतात. आमच्या अख्ख्या भावकीला हे आजवर जमलेलं नाही.

दोन-तीन किकांत गाडी सुरू झाली. आई पदराने डोळे पुसत होती, आणि मला आनंदाने रडू येत होतं. बाबांनी कान देऊन आवाज ऐकला, हात पुसले, मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसले.

“इंजिनाचं मले समजते,” ते म्हणाले. “वाट नाई आठवत. तू चालव, मले वावरात ने.”