शेजारी ठेवलेलं प्रस्थान

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलं होतं, "आजी, भांडण अमेरिका आणि इराणचं, मग आमची आई केडगावात का अडकली?" तेव्हा मी "विमानं बंद आहेत" एवढंच म्हणाले. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. नगरच्या शाळेत मी इतकी वर्षं इतिहास-भूगोल शिकवला, आणि अपुऱ्या उत्तराला पूर्ण गुण कधी दिले नाहीत. म्हणून आता नीट लिहिते. आईकडून वाचून घ्या.

तुमची आई माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. तिच्या पासपोर्टवर अमेरिकेत शिरण्याचा जो शिक्का आहे, त्याची मुदत महिनाअखेरीला संपत होती. तुम्ही तिथे जन्मलात, तुम्हाला तो लागत नाही, तिला लागतो. त्या तारखेच्या आत ती तुमच्या देशाच्या दारात उभी राहिली तर आत. नाहीतर मुंबईला नवा अर्ज, मुलाखत, आणि तिची पाळी येईपर्यंत कित्येक महिने. तेवढे महिने तुम्ही आईवाचून.

परतीचं तिकीट कतारवरून होतं. मुदत संपायला थोडे दिवस बाकी होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. फक्त निघायचा दिवस नेमका अमावास्येचा आला. मी असलं फार मानते असं नाही, पण मोडतही नाही. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाचं सामान शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग प्रत्यक्षात केव्हाही निघालं तरी चालतं. एकच नियम: ठेवलेलं सामान पुन्हा घरात आणायचं नाही. लोक नुसती सुपारी आणि एखादं धुतलेलं वस्त्र ठेवतात. तुमची आई म्हणाली, "सुपारी कशाला? बॅगच ठेवते. गाडीत तिथूनच टाकू." मला डोळ्यामुळे वजन उचलायची मनाई होती, तेव्हा मलाही ते सोयीचं वाटलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून भाभींचं घर आहे. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून त्या मला बाई म्हणतात; तुमची आई त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. तो कतारमध्ये एका कंपनीच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्या कंपनीचं जेवण तिथल्या अमेरिकी लष्करी तळावर जातं. भाभींनी दिवाणाखालची पोती हलवून जागा केली आणि बॅगेवर स्वच्छ चादर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही लावला तेव्हा कळलं. अमेरिकेने इराणवर बाँब टाकले होते, त्याला उत्तर म्हणून इराणने कतारमधल्या त्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. आखातावरचं आकाश विमानांना बंद झालं. काही वेळाने ते उघडलं, पण तोवर विमानं भलत्याच गावी उतरली होती आणि माणसं विमानतळावर जमिनीवर झोपली होती. तुमच्या आईचं विमान रद्द झालं. विमान कंपनीने पुढची जागा दिली ती मुदत संपल्यानंतरची.

मग आमच्या दोन खोल्यांत काय सुरू झालं ते सांगते. तुमची आई कानाला फोन लावून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची. पलीकडून संगीत वाजत राहायचं, माणूस बोलायचाच नाही. मी चहा करायची, तो तिच्यासमोर गार व्हायचा. भेटायला येणारे म्हणायचे, "बरं झालं, आईला सोबत झाली." ती हसून मान हलवायची आणि मोरीत जाऊन तोंड धुवायची. जिन्यावरून गच्चीत, गच्चीवरून खाली. पुणे रस्त्यावरच्या ट्रकांकडे बघत ती एकदा म्हणाली, "प्रत्येकजण कुठेतरी चाललाय."

आणि तिचे कपडे शेजारी. रोज सकाळी ती भाभींकडे जायची, दिवाणाखालून बॅग ओढायची, एक ड्रेस काढायची, बॅग परत ढकलायची. मीही बरोबर जायची. भाभी भाजी निवडत असायच्या.

"बाई, तुमी शिकवलंय ना हे सगळं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "हे अमेरिकावाले तिकडं गेलेच कशाला?"

मी आमच्या नगरपासून सुरुवात केली. ज्या शाळेत मी इंग्रजी शिकले ती अमेरिकन पाद्र्यांनी काढलेली. त्यांना ज्या बोस्टनच्या मंडळींनी इकडे पाठवलं, त्यांनीच त्याच काळात बैरूतलाही माणसं पाठवली. इथे मराठी पुस्तकं छापली, तिथे अरबी. म्हणजे अरबांना अमेरिका आधी भेटली ती मास्तर म्हणून.

"मग बिघडलं कुठं?" भाभींनी विचारलं.

तेलापाशी, मी म्हणाले. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आणि सौदी अरबस्तानचे राजे सुएझजवळ एका युद्धनौकेवर भेटले. अध्यक्ष चाकांच्या खुर्चीत, आणि राजांनी खायला जिवंत मेंढ्या बोटीवर आणलेल्या.

"चांगलं केलं," भाभी म्हणाल्या. "परक्याच्या घरचं मटन काय भरवशाचं."

तिथून दोस्ती जमली. तुमचं तेल, आमचं संरक्षण. पुढे इराणच्या पंतप्रधानांनी तेल देशाच्या मालकीचं केलं, तर अमेरिका आणि इंग्लंडच्या हेरांनी मिळून त्यांना खाली खेचायला मदत केली.

"म्हंजे तेल आमचं म्हनला म्हनून काढला?"

"हो."

"मग कुनाचं हुतं?"

तुमची आई बॅगेत हात घालून बसली होती, तिला हसू आलं. त्या दिवसांतलं ते पहिलं हसू.

इराणच्या लोकांनी ते लक्षात ठेवलं. अमेरिकेच्या पाठिंब्यावर टिकलेल्या आपल्या राजाला, शहाला, घालवलं आणि अमेरिकेच्या वकिलातीतली माणसं वर्षभराहून जास्त ओलीस ठेवली. मग इराक-इराण लढाई झाली तेव्हा अमेरिका इराककडे झुकली. आणि त्याच इराकने नंतर कुवेत गिळलं. इथे भाभींनी मला थांबवलं. पुढचं त्यांना माझ्यापेक्षा जवळचं होतं. त्यांचे मालक तेव्हा कुवेतला ड्रायव्हर होते. इराकी सैन्य आलं तसे ते वाळवंटातून जॉर्डनच्या हद्दीवर पोचले, तंबूत राहिले, आणि आपल्या सरकारच्या विमानाने मुंबईला उतरले.

"अंगावरच्या कपड्यावर आले," भाभी म्हणाल्या. "दारात उभे, आन् मी वळखलंच न्हाई. दाढी वाढलेली. मी म्हनलं, कोन पाहिजे?"

त्या युद्धानंतर अमेरिकेचं सैन्य आखातात मुक्कामाला राहिलं. कतारचा तळही पुढे त्यातूनच वाढला.

तुमची आई हळूच म्हणाली, "मी तिथे टॅक्स भरते, खाला. त्या बाँबमध्ये माझेही पैसे असतील."

भाभींनी मेथीची काडी मोडली. "असतील की. आन् ते टाकनाऱ्यांना रोटी माझा पोरगा घालतो. मग काय आता, दोघांनी उपाशी मरायचं?"

मुलगा सुखरूप होता. रोज एखादा निरोप यायचा, "ठीक आहे, खोलीत बसवलंय." त्याला घरी यायचं होतं, पण त्याचा पासपोर्ट कंपनीकडे होता आणि कंपनी म्हणत होती, थांबा.

मुदत अगदी अंगावर आली तेव्हा तुमच्या आईचा धीर सुटला.

"आई, मी ती बॅग घरी आणतेय."

"आणू नकोस."

"कपडे बदलायला रोज दुसऱ्याच्या घरी जाते मी. वेड्यासारखं दिसतंय हे."

"प्रस्थान ठेवलंय आपण."

"बाँब टाकणाऱ्यांनी पंचांग बघितलं होतं?"

ती तरातरा गेली. मी मागून पोचले तेव्हा भाभी दिवाणावर बसल्या होत्या आणि त्यांनी पाय खाली बॅगेपुढे सोडले होते.

"बॅग न्हाई मिळायची, पोरी."

"खाला, माझी आहे ती."

"व्हय, तुझीच हाय. पर जाईल ती गाडीत. घरात न्हाई." मग आवाज उतरला. "माझ्या पोरानंबी बॅग भरून ठेवलीया. पासपोर्ट कपाटात अडकलाय. एकीची तरी निघू दे."

तुमची आई फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली. भाभींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण पाय बाजूला घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या बाबांचा फोन आला. पश्चिमेची वाट सोडून त्यांनी पूर्वेकडून जागा शोधली होती, सिंगापूर आणि जपान करत. "पण प्रवास लांबचा आहे, तारीख उलटेल," ते म्हणाले. मी पृथ्वीचा गोल काढला. पॅसिफिकवरून पूर्वेला जाताना वाररेषा ओलांडली की एक दिवस परत मिळतो. जपानहून शेवटच्या तारखेला संध्याकाळी निघालेलं विमान कॅलिफोर्नियात त्याच तारखेला सकाळी उतरतं. मी हे त्यांना दोनदा समजावलं, तेव्हा त्यांनी तिकीट काढलं.

तासाभरात गाडी आली. पंचांग बघायची गरज नव्हती. तुमची आई तर केव्हाच निघालेली होती. भाभींनी स्वतः बॅग ओढत गाडीपर्यंत आणली.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही बाबांबरोबर विमानतळाबाहेर उभे होता. आत अधिकाऱ्याने शिक्का बघितला, त्या दिवसाची तारीख बघितली आणि आईला बाजूच्या खोलीत बसवलं. तिने मला एवढंच कळवलं, "थांबायला सांगितलंय." मग फोन बंद. भाभी माझ्याकडे येऊन बसल्या. आम्ही टीव्ही लावला नाही. मी इतिहासही सांगितला नाही. कुकरची शिट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

मग तुमचा फोटो आला. तुम्ही दोघं आईच्या दोन्ही बाजूंना, आणि धाकटीने तिचा ड्रेस मुठीत धरलेला.

भाभींनी फोटो जवळ घेऊन, मग लांब धरून बघितला. "चला, एक पोचली," त्या म्हणाल्या. फोन माझ्या हातात दिला. "आता बाई, माझ्या पोराच्या कंपनीला विंग्रजीत लिहा. तुमचा इतिहास नका घालू त्यात. त्याचा पासपोर्ट त्याला द्या, एवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी पुन्हा पाठवते.