रूपराव मुकादमाची हनुवटी

सिंदी रेल्वे या गावच्या कापसाच्या जिनातले मुकादम रूपराव यांच्या नावावर पराक्रम काय तो एकच. शहात्तर साली नसबंदीवाल्यांची जीप गावात आली, तेव्हा हे गृहस्थ दिवसभर सरकीच्या ढिगात लपून बसले. घरातलं एक नाव तर द्यायलाच हवं, म्हणून त्यांनी बायकोला, आनंदाबाईंना, ऑपरेशनला पाठवून दिलं. टाके पिकले, बाई महिनाभर अंथरुणाला खिळल्या. रूपराव मात्र मिशीला पीळ देत पुढची दहा वर्षं सांगत फिरले, "आपन अंगाले हात लावू देल्ला नाई!"

शहाऐंशीच्या दिवाळीआधी न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते हीच कथा रंगवत होते. भरात मान हलली आणि वस्तरा हनुवटीत चांगला रुतला. एरवी एक केस ओढला गेला तरी आकाशपाताळ एक करणारा हा माणूस, टॉवेल लाल झाला तरी बोलतच होता. मधुकर न्हावी घाबरला.

"मुकादम, रगत निंगून राह्यलं, आन तुमी काऊन ओरडून नाई राह्यले?"

"रगत? कोनाचं?"

हनुवटीला काही कळतच नाही म्हटल्यावर दातवाल्याने दोन चांगल्या दाढा उपटल्या. हनुवटी बधिर ती बधिरच. शेवटी आनंदाबाईंनी त्यांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जबड्याचा फोटो काढला आणि विचारलं, "लघवीला त्रास होतो?" रूपराव भडकले. दोन वर्षं ते लग्नाच्या पंगतीतून मधेच उठून पळत होते, पण मर्दाने असलं सांगायचं नसतं. मग डॉक्टरांनी हातमोजा चढवला, आणि हनुवटीची तपासणी भलत्याच टोकाकडून झाली.

डॉक्टर सरळ बोलले. मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर, हाडांत पसरत जबड्यापर्यंत आलेला; तिथली नस दाबली गेली, म्हणून हनुवटी बधिर. "बरा होणार नाही, पण काही वर्षं आवरता येईल. पुरुषाच्या अंगातल्या रसावर तो पोसतो. दोन्ही अंडकोष काढावे लागतील. नाहीतर फार दिवस नाहीत."

रूपरावांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. सवयीने त्यांनी बायकोकडे पाहिलं. शहात्तर साली पाहिलं होतं, अगदी तसंच.

"अवं, दुसरं काई नाई होत का?"

आनंदाबाईंना राग आला, कीवही आली. त्यांनी डोळे पुसले आणि संमतीचा कागद नवऱ्यापुढे सरकवला.

"तवा मी अंगठा देल्ला होता. या खेपेले मले पाठवता नाई येत. करा सही."