म्हशीखालचं टेबल

मंडळी, आज दुपारी तोंड पाडून घरातून निघाले होते, आणि पोटभर जेवून हसत परत आलेय.

आपल्या कोल्हापुरातल्या एका हॉटेलनं इथल्या चित्रकारांची चित्रं जेवणाच्या हॉलमध्ये लावलीयेत. त्यात माझीही एक म्हैस आहे, पंचगंगेत डुंबणारी. दिवाळीपासून भिंतीवर आहे, कुणी साधी चौकशी केली नाही. रस्सा ओरपणारी माणसं मान वर करून चित्र बघणार आहेत होय? म्हटलं, काढूनच आणावं.

आत शिरते तोच एक वेटर ओरडला, “म्हशीला दोन तांबडा, एक पांढरा!”

पाठोपाठ दुसरा, “घाटावर भाकरी दे रं!” ते घाटाचं चित्र माझ्या मैत्रिणीचं.

मी मालकांना म्हटलं, “माझं चित्र न्यायला आलेय.”

“न्या की, तुमचंच हाय. पर मॅडम, मग त्या टेबलाला आम्ही काय म्हणायचं?”

“नंबर आहेत की टेबलांना.”

“नंबर कोण ध्यानात ठेवतंय! मुरगूडचं पावणं आधी फोन करत्यात, म्हशीखालचं टेबल धरून ठेवा म्हणून. त्यांची पोरगी दुसरीकडं जेवतच न्हाय.”

चित्र बांधायला नेलेली सुतळी पर्समध्येच राहिली.

त्या मालकांचे आणि वेटरांचे आभार कसे मानू, कळत नाही. माझं चित्र कुणी विकत घेतलं नाही, पण रोज त्याच्या नावानं हाक जाते. चित्रकाराला आणखी काय पाहिजे, सांगा बरं?

तुम्हीही जाऊन या. फक्त म्हशीखाली बसायचं असेल तर आधी फोन करा. मला आज तिथं जागा मिळाली नाही, घाटावर बसून जेवले.