पान नंबर एकशे बारा

सराव परीक्षेत पन्नास प्रश्न होते. त्यातल्या एकवीस प्रश्नांना मी एकच उत्तर दिलं होतं: डॉक्टरांना कळवा. एकवीसपैकी एकोणीस चुकले होते.

लीलाम्मा चेचीने पेपर टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"रेखा, तुला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय की टेलिफोन ऑपरेटर?"

चेची केरळची. मल्याळममध्ये चेची म्हणजे थोरली बहीण. रियाधच्या अल मलाझ भागातल्या आमच्या हॉस्पिटलमध्ये तिला सगळेच चेची म्हणायचे, इजिप्तचे डॉक्टरसुद्धा. ही परीक्षा ती दोन वर्षांपूर्वी पास झाली होती. माझी शिकवणी तिने स्वतःहून घेतली होती. त्यामुळे बोलायचा हक्कही तिने स्वतःहूनच घेतला होता.

नर्स आणि नर्स प्रॅक्टिशनर यांतला फरक थोडक्यात सांगते. नर्स डॉक्टरांनी लिहिलेली ऑर्डर अमलात आणते. नर्स प्रॅक्टिशनर पेशंटला स्वतः तपासते, निदान करते आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत औषधंही लिहिते. त्यासाठी लागणारं मास्टर्स मी नोकरी सांभाळून केलं होतं. सर्टिफिकेशनची परीक्षा तेवढी राहिली होती.

हॉस्पिटलमध्ये बीपी आणि डायबेटिसची नवी ओपीडी सुरू होणार होती. खोली रंगवून तयार होती. नर्सिंग डायरेक्टर मॅडम हुदा यांनी मला ती खोली दाखवली, खुर्चीवर बसूनही बघायला सांगितलं.

"कशी वाटते?"

"छान आहे, मॅडम."

"पास झालीस तर तुझी. नापास झालीस तर बाहेरून कोणाला तरी आणू आणि तू सर्जिकल वॉर्डात परत. दुसरा चान्स नाही. ओपीडी थांबणार नाही. यल्ला, चल, ऊठ आता."

मी उठले. सर्जिकल वॉर्डात मला अकरा वर्षं झाली होती. ती खुर्ची मला हवी होती.

माझी अडचण अभ्यासाची नव्हती. सवयीची होती. मिरजेला नर्सिंग शिकताना आमच्या ट्यूटरबाईंनी एक वाक्य पक्कं करून घेतलं होतं. ड्यूटीवर काहीही घडलं की नोंदीच्या शेवटी लिहायचं: डॉक्टर इन्फॉर्म्ड. पेशंटचा ताप वाढला, डॉक्टर इन्फॉर्म्ड. पेशंटने जेवण परत पाठवलं, डॉक्टर इन्फॉर्म्ड. हे लिहिलं की पुढची जबाबदारी डॉक्टरांची. वीस वर्षांत मी हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल, याचा हिशोब नाही. या एका वाक्यावर भारतातल्या नर्सेस नोकऱ्या टिकवतात आणि निवांत झोपतात.

परीक्षेत मात्र नेमकं हेच वाक्य घात करतं. प्रत्येक प्रश्नात एक पेशंट असतो आणि चार पर्याय. त्यात बहुतेक वेळा 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय असतोच. तो सापळा आहे. निर्णय तुम्ही घ्यायचा म्हणून तर ही परीक्षा. उदाहरणार्थ, घोटा मुरगळलेला तरुण. चालता येतंय, हाडावर दाबलं तर दुखत नाही. एक्स-रेची गरज नाही. क्रेप बँडेज, बर्फ, विश्रांती, झालं. हे सगळं मला पाठ होतं. तरी बोट आपोआप चौथ्या पर्यायावर जायचं.

चेचीने दोन आठवडे समजावून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात तिने माझा मोबाईल उचलून माझ्या हातात दिला.

"लाव फोन."

"कोणाला?"

"डॉक्टरांना कळवायचंय ना? कळव. डॉक्टर नादिरना फोन लाव आणि हा घोट्याचा पेशंट सांग."

"चेची, वेड लागलंय का?"

"प्रत्येक वेळी चौथा पर्याय निवडलास की प्रत्येक वेळी फोन. हीच शिक्षा."

डॉ. नादिर आमचे मेडिसिनचे कन्सल्टंट. इजिप्तचे, पन्नाशीचे, धिप्पाड. दुपारच्या, म्हणजे अस्रच्या नमाजनंतर ते ऑफिसात चहा घेत बसायचे. मी फोन लावला. अभ्यास चालू आहे हे आधी सांगायला हवं होतं, पण चेची इतक्या जवळून बघत होती की मी थेट पेशंटपासून सुरुवात केली. वय, तक्रार, तपासणी.

"एक्स-रे नको," डॉक्टर म्हणाले आणि खोकले. "बँडेज बांधा. बेड नंबर?"

"बेड नाही, डॉक्टर."

"मग कुठे आहे? इमर्जन्सीत?"

"पान नंबर अडतीसवर आहे."

पलीकडून हसण्याचा मोठा आवाज, आणि त्या हसण्यातून पुन्हा खोकला.

चेचीने फोन ओढून घेतला आणि सगळा प्रकार सांगितला. ते रागावतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी वेळ ठरवून दिली. चहा चालू असेपर्यंत, रोज जास्तीत जास्त तीन पेशंट. मी फोन केला की ते विचारायचे, "सिस्टर, आज कोणतं पान आजारी आहे?" माझं सांगून झालं की, "आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" उत्तर बरोबर असलं तर म्हणायचे, "मग माझा चहा का थंड केलात?" पेशंट दगावण्यासारखं उत्तर दिलं, तर अरबीत त्या पानासाठी दुवा मागायचे. तेही मी ऐकावं म्हणून मुद्दाम मोठ्याने.

मॅडम हुदांनाही हे कळलं. त्या मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "ऐकलं की पान सत्तावन्न वारलं. घरच्यांना कळवलंत का?"

शरमेने का होईना, फोन कमी झाले. तीनाचे दोन, दोनाचा एक. परीक्षा दहा दिवसांवर आली तेव्हा मी सलग चार दिवस फोन केला नव्हता. पाचव्या दिवशी घसरले.

पान नंबर एकशे बारा. अठ्ठावन्न वर्षांची बाई. बीपीची गोळी नव्याने सुरू केलेली. तेव्हापासून कोरडा खोकला. ताप नाही, छाती स्वच्छ. पर्याय: अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध, बीपीची गोळी बदलणं, किंवा डॉक्टरांना कळवणं. मी चौथ्यावर खूण केली. चेचीने मोबाईल पुढे सरकवला.

"सांगा, सिस्टर," डॉ. नादिर म्हणाले. "मला वाटलं तुम्ही... (खोकला) बऱ्या झालात."

मी पेशंट सांगू लागले. बीपीची गोळी. कोरडा खोकला. पलीकडून कोरडा खोकला. ताप नाही. पलीकडून खोकला. छाती स्वच्छ.

मी थांबले. दीड महिना मी रोज हा खोकला ऐकत होते. पूर्ण हॉस्पिटल ऐकत होतं. राउंडला डॉक्टर कोणत्या मजल्यावर आहेत ते आम्ही खोकल्यावरून ओळखायचो. कधी ते धुळीला दोष द्यायचे, कधी एसीला, कधी रिसेप्शनवर जाळतात त्या ऊदला. स्वतःचा एक्स-रे काढून झाला होता. खोकल्याच्या दोन बाटल्या संपल्या होत्या.

"सिस्टर? पेशंट गेला का?"

"डॉक्टर, तुम्ही बीपीची गोळी कोणती घेता?"

"विषय बदलू नका. एकशे बारा..."

"तेच विचारतेय. कोणती घेता?"

त्यांनी नाव सांगितलं. नावाच्या शेवटी 'प्रिल' होतं. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला येतो. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. डॉ. नादिर ते वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आले होते.

"कधी सुरू केलीत?"

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"दोन महिने झाले," ते हळू आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "मग, सिस्टर? तुमचा निर्णय?"

"तिसरा पर्याय. गोळी बदलायची. पण तुम्ही मनाने बंद करायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना दाखवायचं." आणि पुढचं वाक्य तोंडातून निघून गेलं. "म्हणजे, डॉक्टर, तुम्ही डॉक्टरांना कळवा."

चेची टेबलावर डोकं टेकून हसत होती. तिचा चष्मा खाली पडला तरी तिने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. नादिर हृदयरोगवाल्यांकडे गेले. त्यांनी दुसऱ्या गटातली गोळी दिली.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. पहिल्या शंभर प्रश्नांत मी एकदाही चौथ्या पर्यायाकडे पाहिलं नाही. मग एक पेशंट आला. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, बीपी उतरत चाललेलं. चौथा पर्याय होता: इमर्जन्सी टीमला ताबडतोब कळवा. मी प्रश्न तीनदा वाचला. तीन महिने ज्या बटणापासून मला लांब ठेवलं होतं, तेच आता दाबायला हवं होतं. मला त्या सराव परीक्षेतले, एकवीसपैकी बरोबर आलेले दोन प्रश्न आठवले. पेशंट खरा असता तर मी केलेल्या उशिरात तो गेला असता. सुदैवाने कॉम्प्युटर धीराचा होता. मी चौथा पर्याय निवडला.

मी पास झाले. मॅडम हुदांनी खोलीची किल्ली दिली आणि सांगितलं, "खुर्ची थोडी करकरते. मेंटेनन्सला तूच कळव."

यातून मी शिकले ते इतकंच: डॉक्टरांना कळवण्यात चूक नाही. पण कळवण्याआधी स्वतःला काय वाटतं ते ठरवून ठेवावं, कारण पलीकडचा माणूस तेच विचारणार असतो. आणि पलीकडचा माणूस खोकत असेल तर त्याच्याकडेही लक्ष द्यावं.

डॉ. नादिर यांचा खोकला तीन आठवड्यांत गेला. आता राउंडला ते अचानक समोर येतात, त्यामुळे वॉर्डातल्या नर्सेस माझ्यावर नाराज आहेत. ओपीडीतून मी त्यांना अजूनही फोन करते, आठवड्यातून एखादा, खरंच गरज असेल तेव्हा. ते फोन उचलतात आणि नमस्कार-चमत्कार न करता पहिला प्रश्न विचारतात:

"बेड की पान?"