बिघडलेली बाटली आणि भानुमतीबाईंचं नाक

गारखेड्यात कुणाला वाईन क्लबाची वर्गणी भरावी की नाही असा प्रश्न पडला, तर त्यानं भानुमतीबाई पाथ्रीकरांना विचारावं, असं आता लोक म्हणतात. हे ऐकून नवा माणूस हसतो. विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकही चतुर्थी न चुकवणाऱ्या बाईला वाईनचं काय विचारायचं? पण विचारायला आलेल्याला त्या बसवून घेतात, चहा टाकतात आणि एका बिघडलेल्या बाटलीची गोष्ट सांगतात. ती ऐकून उठताना माणसाला आपण काय विचारायला आलो होतो तेही आठवत नाही.

एकेकाळी भानुमतीबाईंच्या नाकाचा सगळ्या सोसायटीला धाक होता. खालच्या मजल्यावरच्या सुलेखाचं दूध भांड्याला लागायच्या आत वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "सुलेखा, गॅस बारीक कर गं!" यजमान हेमचंद्रराव, पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क, औरंगपुऱ्यात काम आहे म्हणून जायचे आणि परत येऊन दारात चपला काढेपर्यंत त्यांनी कुठली भजी खाल्ली हे बाईंना कळलेलं असायचं. मुलगी मनस्विनी लहान असताना तिची टाळू हुंगून त्या सांगायच्या, "हिला उद्या ताप येणार." आणि यायचा! थर्मामीटर त्या घरात नुसता हजेरीला होता.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. बाईंना ताप आला तसा गेलाही, पण जाताना नाक घेऊन गेला. आधी वाटलं, येईल परत चार दिवसांत. नाही आलं. फोडणी नुसती आवाज करायची, कापूर नुसता जळायचा. डॉक्टरांनी सांगितलं, नाकाला व्यायाम द्या, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोन वेळा हुंगा. बाईंनी ते स्तोत्रासारखं नेमानं केलं. पण समोरून काहीच येत नसेल तर माणूस किती दिवस दार ठोठावणार? हळूहळू त्यांनी ते सोडलं आणि वास येत नाही हे चारचौघांत बोलणंही सोडलं. डोळे गेले तर लोक हात धरतात. नाक गेलं म्हटलं की हसतात.

अशातच पुण्याहून मनस्विनीचा फोन आला. तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला ती माहेरी येणार होती. हेमचंद्ररावांनी देवापुढं साखर ठेवली. बाईही हसल्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडायला लागल्या.

"काय झालं भानू? रडायलीस कशाला?"

"बाळाचा वास मला येणार नाही हो."

"दिसेल की बाळ. त्याचं रडणं ऐकू येईल."

"ते सगळ्यांनाच येतं," बाई म्हणाल्या. "मनूला मी वासानं ओळखायची. आणि तो वास तान्हेपणातच असतो, पुन्हा कधी यायचा नाही."

खात्यात असताना हेमचंद्ररावांनी कालव्याच्या भांडणांवरही उत्तरं काढली होती, पण हे प्रकरण त्यांच्या टेबलावरचं नव्हतं.

वाट दाखवली ती शेजारच्या इंद्रजीतनं. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि जालना रोडवरच्या एका हॉटेलात दर महिन्याला भरणाऱ्या वाईन क्लबाचा सभासद. वर्गणी भरली की तिमाहीला घरपोच दोन बाटल्या आणि महिन्याला एक बैठक. तो स्वतःच त्याला कंटाळला होता. "खरं सांगू का काकू, हिशेबानं परवडत नाही. त्याच बाटल्या दुकानात स्वस्त मिळतात. आणि बैठकीत प्यायला घोटभर, हुंगायलाच तासभर. डोळे मिटून नाक खुपसायचं आणि कसला वास येतो ते मोठ्यानं सांगायचं. लई बोअर होतं."

बाईंच्या हातातली कपबशी थांबली. एक तास नुसतं हुंगायचं? आणि तेही सगळ्यांच्या संगतीनं?

घरात त्या रात्री जे झालं ते होणारच होतं. "पाथ्रीकरांच्या घरात द्राक्षासवापलीकडं काही आलेलं नाही!" हेमचंद्रराव म्हणाले.

"मग ही त्या द्राक्षासवाची थोरली बहीण समजा," बाई म्हणाल्या, आणि वर्गणी भरली. पहिल्या दोन बाटल्या आल्या तेव्हा हेमचंद्ररावांनी त्या जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर घंगाळाच्या मागं लपवल्या. घरात चोरीचा माल असावा तसे ते आठवडाभर माळ्याकडं बघत होते.

पहिल्या बैठकीला भानुमतीबाई इरकल नेसून, मनगटाला अत्तर लावून आणि अंबाड्यात मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून गेल्या. कार्यक्रमाला जायचं तर बाईमाणूस असंच जाणार! वाईनच्या बैठकीला अंगावर सुगंध घालून जायचं नसतं हे त्यांना कोण सांगणार होतं? इंद्रजीतच्या ते ध्यानातच आलं नाही. सगळ्यांनी पेले उचलले, डोळे मिटले. पहिला म्हणाला, "मोगरा!" दुसरी म्हणाली, "हो, मोगराच." पुढच्या पेल्यातही मोगरा आला. तिसऱ्या, गडद लाल वाईनमध्येही मोगराच आला तेव्हा लोक एकमेकांकडं बघायला लागले. आणि आपण मागं पडू नये म्हणून भानुमतीबाई ठसक्यात म्हणाल्या, "वा! काय सुंदर मोगरा यायलाय!"

दोघं-तिघं हसले, पण ते हसू पुढं सरकलं नाही. मोगरा बाईंच्या डोक्यावर होता आणि त्यांना त्याचा वासच येत नव्हता, हे एकेकाला कळत गेलं.

बैठक घेणारी मुलगी होती नौशीन. तिच्या अब्बांचं जुन्या शहरात अत्तराचं दुकान. ती स्वतः वाईनचा थेंब घेत नसे; वास ओळखायला शिकवणं एवढंच तिचं काम. ती बाईंना हलकेच बाहेर घेऊन गेली, अंबाड्यातला गजरा सोडवला, पाण्याच्या पेल्यात ठेवला आणि विचारलं, "काकू, कधीपासनं येत नाही वास?"

परक्या माणसानं असं सरळ विचारल्यावर बाईंचा बांधच फुटला. त्यांनी सगळं सांगितलं, मनस्विनीचं, बाळाचं, टाळूचं.

नौशीन म्हणाली, "माझं पण गेलं होतं, त्याच लाटेत. अब्बांच्या दुकानात बसून मी नुसती रडायची. मग अब्बा म्हणाले, नाकाच्या पाठी लागू नको, याद कर. काकू, पेल्यातला वास नाही आला तर नका येऊ देऊ. दुसरा कुणी वासाचं नाव घेईल ना, ते ऐका. ती चीज, ती वस्तू नाही आठवली तर माणूस आठवा, आणि त्याचंच नाव घ्या."

"एवढंच?"

"हौ, एवढंच."

मग महिन्यामागून महिने बाई जात राहिल्या, गजऱ्याशिवाय. एकदा त्यांनी वाईनला जीभही लावली. "काढ्यापेक्षा बरी," एवढाच अभिप्राय दिला. पण त्या बैठकीचं त्यांना फार नवल वाटायचं. घोडे झालेले पुरुष, पगारदार बाया, सगळे मोबाईल बाजूला ठेवून देवळात बसावं तसे गप्प बसायचे आणि एका श्वासासाठी जीव एकवटायचे. कुणी म्हणे जांभूळ, कुणी मिरी, कुणी चामड्याचा पट्टा. केवढी दौलत घेऊन फिरतात ही माणसं, आणि यांना पत्ताही नाही, असं बाईंना वाटे. कुणी "लवंग" म्हणालं की त्या म्हणत, "आमचे मामंजी. दाढ दुखायची त्यांची." त्यांचं ऐकून बाकीच्यांनाही ती सवय लागली. कंटाळलेला इंद्रजीत एका पेल्यात नाक घालून बसला आणि म्हणाला, "माझ्या आजोबांची सायकल." त्याचे डोळे ओले झाले होते.

सगळ्यांना असं काहीतरी मिळत होतं. बाईंना माणसं आठवत, वास तेवढा येत नव्हता. मनस्विनीचे दिवस भरत आले होते.

अशा एका बैठकीला इंद्रजीतनं परदेशातल्या भावानं दिलेली, खास दिवसासाठी राखलेली बाटली आणली. बूच काढताना फोटो काढले, सगळ्यांच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. लोकांनी नाकं आत घातली आणि तोंडं वाकडी करून बाहेर काढली. नौशीननं हुंगून मान हलवली. "गेली ही. बूच खराब असलं की असा ओलसर, कुबट वास धरते." इंद्रजीतचा चेहरा पडला. पेले खाली ठेवले गेले.

एक पेला खाली आला नाही. भानुमतीबाईंचं नाक अजून आतच होतं.

"बन्सी," त्या म्हणाल्या.

"कोण बन्सी, काकू?"

"सेलूला आडतीवर हमाल होता. माझे वडील तिथं दिवाणजी. पावसाळ्यात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन, मला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा. ओल्या गोणपाटाचा वास यायचा त्याला..." त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला. "यायलाय गं नौशीन. मला वास यायलाय!"

नौशीननं बाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि एकामागून एक पेले नाकाखाली धरले. पाणी धरलं, चांगली वाईन धरली. बाई नाही म्हणून मान हलवत राहिल्या. बिघडलेला पेला आला आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "हा बन्सी." सगळ्यांनी टाकून दिलेल्या त्या घाणेरड्या वासापुढं सगळी माणसं पेटल्या समईपुढं उभी राहावीत तशी उभी राहिली. इंद्रजीतनं उरलेली बाटली पुन्हा बूच लावून बाईंच्या हातात दिली, आणि बाईंनी ती बाळासारखी छातीशी धरून घरी नेली. हेमचंद्ररावांनी या खेपेला ती लपवली नाही. देवघराशेजारच्या फळीवर ठेवली.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं! पण पुढच्या आठ दिवसांत चहाला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. मग उदबत्तीला, मग वरणाला, मग हेमचंद्ररावांना. उघडलेलं नाक एकच वास शिकून बसलं होतं. सुरुवातीला बाई हसायच्या. मग मनस्विनी आली, बाळंत झाली, मुलगी झाली, आणि दवाखान्यात ते मुटकुळं पहिल्यांदा हातात घेऊन बाईंनी टाळूला नाक लावलं.

गोणपाट.

बन्सीनं त्यांना किती मायेनं खांद्यावर नेलं होतं, पण म्हणून त्यानं नातीच्या टाळूवर येऊन बसावं? बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. हसून बाळ परत दिलं. घरी आल्यावर त्या बाळाला न्हाऊ घालत, टाळू भरत, पण मान वळवून. क्लबाच्या बैठकीचा दिवस आला तरी उठल्या नाहीत. "नव्हतं तेच बरं होतं," एवढंच म्हणाल्या. दिवस जात होते, बाळ अंग धरत होतं.

एके दिवशी नळाला पाणी यायची पाळी होती. आठवडाभरानं तोटी फुसफुसली आणि तांबूस, गढूळ पाणी पडायला लागलं. हेमचंद्रराव बादली बाजूला धरून उभे होते. बाई दारात आल्या तशी त्यांच्याकडं न बघताच म्हणाले, "लई दिवसांनी आलं की आधी असंच येतं, भानू. म्हणून काय कुणी नळ बंद करतं? वाहू द्यावं थोडं." मग भांडी विसळल्यासारखं करत म्हणाले, "वर्गणी भरलीय. आज बैठक आहे. जा तू. मी सोडतो स्कूटरवर." ज्या माणसानं बाटल्या धोतरात गुंडाळल्या होत्या, तो त्या दुपारी हॉटेलच्या बाहेर झाडाखाली तासभर बसून राहिला.

बाई पुन्हा हुंगायला लागल्या. गोणपाट तर गोणपाट.

आणि एका सकाळी, मनस्विनी न्हाणीघरात होती, हेमचंद्ररावांनी गॅसवर दूध ठेवलं होतं, तेव्हा पाळण्यात बाळ किरकिरलं. बाईंनी उचलून खांद्याशी धरलं, सवयीनं मान वळवून. बाळानं डोकं हलवलं आणि टाळू थेट त्यांच्या नाकाखाली आली.

आधी तेल आलं. मग दुधाचा आंबूस. आणि मग त्याच्या खालून, कोमट, गोडसर, काहीतरी उमलत वर आलं. बाई खाटेवर बसल्या. हा वास शोधायचा नव्हताच. याच घरात, याच खाटेवर तो त्यांना भेटलेला होता. इतकी वर्षं तो कुठं होता, आणि या एवढ्याशा डोक्यावर परत कसा आला? बाईंचा श्वास आत गेला तो बाहेर सोडवेना. जग निर्माण करणाऱ्यानं केवढी मोठी गोष्ट किती लहान जागी ठेवली होती!

"मनू," त्या म्हणाल्या.

न्हाणीघराचं दार उघडून मनस्विनी ओल्या केसांनी बाहेर आली. "काय गं आई?"

"तुला हाक नाही मारली. हिच्या टाळूला तुझा वास यायलाय."

मनस्विनी तिथंच खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. हेमचंद्रराव हातात पळी घेऊन दारात उभे होते. तेवढ्यात भानुमतीबाईंनी मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि कितीतरी वर्षांनी त्यांचा आवाज घरभर घुमला, "अहो, दूध! दूध करपायलंय तिकडं!"

हेमचंद्रराव दुधाकडं धावले नाहीत. ते दारातच उभे राहिले, पळीचा हात खाली आला, आणि ते म्हणाले,

"करपू दे. तू अजून एकदा ओरड."